सेन्सर नवा बसवला, तीन आठवड्यांनी दिवा परत लागला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, सीएनजी कंपनीनेच बसवलेला, ७८ हजार किलोमीटर झालेत. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजात स्कॅनर लावला, पी०१७१ कोड आला, मिस्त्री म्हणाला ऑक्सिजन सेन्सर गेला. साडेसहा हजार खर्चून तो बदलला. तीन आठवडे गाडी ठीक चालली, मग दिवा परत लागला, कोड तोच. आता मिस्त्री म्हणतोय की मागचा सेन्सर आणि कॅटही (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बदलावं लागेल. खर्च चाळीस हजार सांगतोय. बदलू का?

नका बदलू. निदान खाली सांगतोय ते तपासून होईपर्यंत तरी नको. कराडला माझं गॅरेज आहे, चोवीस वर्षं याच कामात गेली, आणि हे सगळं मी माझ्याच एका चुकीवरून शिकलो. ती चूकही पुढे सांगतो.

आधी कोड. पी०१७१चा अर्थ एवढाच की पहिल्या बँकेत, म्हणजे सिलिंडरच्या पहिल्या रांगेत, मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. तुमच्या चार सिलिंडरच्या इंजिनात बँक एकच, त्यामुळे तिकडे लक्ष देऊ नका. या वाक्यात सेन्सर खराब असल्याचा उल्लेख कुठेही नाही. सेन्सरच्या स्वतःच्या तक्रारींचे कोड वेगळे असतात. पुढच्या (कॅटच्या आधीच्या) सेन्सरचे पी०१३० ते पी०१३५, मागच्याचे (कॅटच्या नंतरच्याचे) पी०१३६ ते पी०१४१. त्यातला एकही तुमच्या स्कॅनरच्या चिठ्ठीवर नाही. सेन्सर बिचारा सांगतोय की धुरात ऑक्सिजन जास्त आहे, आणि आपण त्यालाच उचलून बाहेर फेकला. तो खोटं बोलत असेलही. पण ते सिद्ध करायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं कुणी दिलेली दिसत नाहीत.

हा सेन्सर काय करतो हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. टोकाला झिर्कोनियाची छोटी टोपी असते. तिच्या बाहेरून सायलेन्सरकडे जाणारा धूर वाहतो, आतून बाहेरची हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, तेवढा व्होल्टेज. धुरात ऑक्सिजन उरलाच नाही, म्हणजे मिश्रण रिच, तर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला, म्हणजे लीन, तर ०.१च्या आसपास. मधली सीमा ०.४५. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, त्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, मिश्रण सतत हलवत ठेवतो, म्हणून चांगल्या गाडीत पुढच्या सेन्सरचा आकडा वरखाली नाचताना दिसतो. ही टोपी तीनशे-साडेतीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आत हीटर असतो. ही कल्पना बॉशची, आणि १९७६मध्ये ती पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांत रस्त्यावर आली. आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड टाकायची पद्धत, एप्रिल २०१३पासून आलं, त्यामुळे तुमच्या गाडीत पुढचा-मागचा असे दोन्ही सेन्सर आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी यंत्रणा आहे.

नीट लक्षात घ्या, हा सेन्सर ऑक्सिजन मोजतो. पेट्रोल मोजत नाही. एखादा प्लग किंवा कॉइल कमजोर असेल आणि सिलिंडर अधूनमधून मिसिंग मारत असेल, तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोलही जळत नाही आणि ऑक्सिजनही तसाच बाहेर पडतो. सेन्सरला दिसतो तो ऑक्सिजन. तो म्हणतो लीन, ईसीएम आणखी पेट्रोल ओततो, आणि इंजिन प्रत्यक्षात पेट्रोलने भिजत असताना चिठ्ठीवर लीनचा कोड येतो. म्हणून पी०१७१ दिसल्यावर सेन्सरच्या पान्याआधी मी प्लगचा पाना उचलतो. सीएनजीच्या गाडीत तर नक्कीच, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, आणि पेट्रोलवर चालून जाणारा झिजलेला प्लग गॅसवर उघडा पडतो.

मग तीन आठवडे गाडी ठीक का चालली? नव्या सेन्सरमुळे नाही. मिस्त्रीने स्कॅनरने कोड उडवला, त्याबरोबर ईसीएमची शिकलेली दुरुस्तीही शून्यावर गेली. तिला लाँग टर्म फ्युएल ट्रिम म्हणतात. मिश्रण लीन वाटलं की ईसीएम इंधन वाढवतो, आणि ही वाढ कायमची लागतेय असं दिसलं की ती हळूहळू या ट्रिममध्ये जमा करतो. अधिक दहा टक्क्यांपर्यंत तो तक्रार करत नाही. बहुतेक गाड्यांत वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेला की हात टेकतो, कोड टाकतो. तोही पहिल्याच फेरीत (गाडी चालू करून बंद करेपर्यंत एक फेरी) दिवा लावत नाही. पहिल्यांदा कच्चा कोड नोंदवतो, पुढच्या फेरीतही तसंच दिसलं तर दिवा. म्हणजे तुमचा दोष पहिल्या दिवसापासून तसाच होता, आकडा शून्यावरून वर चढायला त्याला तीन आठवडे लागले. बॅटरीची टर्मिनल काढून दिवा घालवणारेही हेच करतात.

याच कारणाने माझी पहिली विनंती: दिवा लागला की कोड उडवू द्यायचा नाही. कोडसोबत ईसीएम एक फोटो काढून ठेवतो, फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, पाण्याचं तापमान किती, ट्रिम किती, सगळं त्यात असतं. गाडी उभी असताना स्लोवर कोड पडला की चढावर, थंड इंजिनात पडला की गरम, यावरून अर्धं काम होतं. कोड उडवला की हा फोटोही जातो. तुमचा पहिला गेला, आताचा शिल्लक असेल तर आजच बघून घ्या.

स्कॅनर विकत घ्या. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसणारं ब्लूटूथचं छोटं डबडं ऑनलाइन स्वस्तात मिळतं, मोबाइलवर अॅप टाकायचं. फक्त एक सावधगिरी. ही डबडी संथ असतात. एकदम दहा-बारा आकडे स्क्रीनवर लावलेत तर प्रत्येक आकडा फार उशिराने बदलतो, सेन्सरचा आलेख सुस्त दिसतो, आणि लोक सेन्सर सुस्त आहे म्हणून बदलतात. सेन्सर बघताना स्क्रीनवर फक्त सेन्सर आणि आरपीएम ठेवा.

आता तुमच्या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा. तुमच्याकडे दोन इंधनं आहेत, म्हणजे तपासणी फुकटात अर्धी झालेली आहे.

गाडी पूर्ण गरम करा. डॅशवरच्या बटणाने पेट्रोलवर घ्या, दहा-पंधरा किलोमीटर चालवा, मग थांबून दोन ट्रिम लिहून घ्या, शॉर्ट (त्या क्षणाची दुरुस्ती) आणि लाँग (साठवलेली). एकदा स्लोवर, एकदा अडीच हजार आरपीएमला मिनिटभर धरून. दोन्हींची बेरीज करायची, कारण नुसती एक बघून फसायला होतं. मग गॅसवर घ्या आणि तेच पुन्हा. बऱ्याच कंपनी-फिटेड गाड्यांत पेट्रोलची आणि गॅसची शिकवण वेगवेगळी साठवतात, म्हणून आकडे स्थिर व्हायला वेळ द्या.

पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर बेरीज अधिक पंधरा टक्क्यांच्या वर येत असेल तर दोष दोघांच्या सामायिक भागात आहे: हवेचा रस्ता, प्लग-कॉइल, सायलेन्सरकडची गळती, किंवा सेन्सर स्वतः. फक्त गॅसवर जास्त असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर किंवा गॅसचे इंजेक्टर बघायचे, पेट्रोलच्या बाजूला हातही लावायचा नाही. आणि फक्त पेट्रोलवर जास्त असेल, तुमच्या बाबतीत माझा अंदाज हाच आहे, तर टाकीतला पंप, त्याची जाळी आणि पेट्रोल इंजेक्टर.

हा अंदाज का, ते सांगतो. तुम्ही लिहिलंय की टाकीत पेट्रोल कायम रिझर्व्हला असतं, गाडी गॅसवरच फिरते. सीएनजी वापरणारे दहातले आठ जण असंच करतात. पण गाडी रोज सकाळी पेट्रोलवर सुरू होते, गरम झाली की गॅसवर जाते. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असावा लागतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. तळाला दोन लिटर असताना तो अर्धा उघडा, गरम, आणि तळाचा गाळ जाळीत ओढणारा. त्यात महिनोन् महिने तेच पेट्रोल. इंजेक्टरच्या तोंडाशी चिकटपणा बसतो. असा पंप स्लोवर पुरेसं पेट्रोल देतो, पण मागणी वाढली की कमी पडतो. म्हणून आकडा स्लोवर सात-आठ आणि अडीच हजारला किंवा चढावर वीस असा दिसला की पंपाचा दाब गेजने मोजून घ्या. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत तो तीन-साडेतीन बारच्या आसपास असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. मोजताना गाडीला रेस द्यायची, नुसती उभी गाडी बघून चालत नाही.

इथे एक बाजूची गोष्ट. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, २०२३पासून काही पंपांवर आलं आणि २०२५पर्यंत बहुतेक सगळीकडे पोचलं. इथेनॉलला हवा कमी लागते, सुमारे ९ भाग, म्हणून मिश्रित पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं. ई१० डोक्यात ठेवून बसवलेली गाडी ई२०वर गेली की ट्रिम तीन-चार टक्क्यांनी चढलेली दिसते. तो दोष नाही. पण आधीच पंधरावर असलेली गाडी त्या चार टक्क्यांनी कडेला जाते, आणि मग मालक म्हणतो पेट्रोल बदललं आणि सेन्सर गेला.

हवेच्या गळतीबद्दल तुम्हाला इंटरनेटवर सगळीकडे एकच गोष्ट वाचायला मिळेल: लीन कोड म्हणजे मॅनिफोल्डची, इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याची, व्हॅक्यूम गळती. ही माहिती बहुतेक एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांवरून आलेली आहे. तिथे हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरजवळ असतो, त्याच्या पुढे फटीतून घुसलेली हवा मोजली जात नाही, म्हणून मिश्रण लीन होतं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत एमएएफ नसतो, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. फटीतून हवा घुसली की दाब वाढतो, मॅप ते बघतो, ईसीएम त्या हवेलाही पेट्रोल देतो. मिश्रण फारसं बिघडत नाही, बिघडतो तो स्लो: आरपीएम हजार-बाराशेला अडकतो किंवा वरखाली होतो. तुमचा स्लो स्थिर आहे असं तुम्ही म्हणताय, म्हणून माझ्या यादीत व्हॅक्यूम गळती खाली आहे. तरी पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत हवेच्या रस्त्यात नेणारी) रबरी नळी हाताने चाचपून बघा, सात-आठ वर्षांत ती तळाशी भेगाळते आणि वरून चांगली दिसते.

आता माझी चूक. बारा-तेरा वर्षं झाली. पाटणकडून एक गुरुजी गाडी घेऊन यायचे, सीएनजी नसलेली पेट्रोल सेडान. पी०१७१ आणि सोबत पी०१३३, म्हणजे सेन्सर सुस्त. मला वाटलं, चला, सेन्सरनेच कबुली दिली. नवा बसवला. पंधरा दिवसांत गुरुजी परत. मी म्हटलं पीस खराब निघाला असेल, दुसरा बसवला, त्याचे पैसे घेतले नाहीत. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचा मुलगा पुण्याला निघायचा होता म्हणून आदल्या रात्रीच गाडी गॅरेजबाहेर लावून गेले. डिसेंबर महिना. सकाळी साडेसहाला मी चहा घेत उभा होतो, पोऱ्याने गाडी चालू केली, आणि बॉनेटमधून चुक-चुक-चुक असा आवाज आला. शिवणयंत्रासारखा. दोन-तीन मिनिटांत थांबला.

तीनदा गाडी आली तेव्हा ती पाटणहून चालून, तापून आली होती. तापलं की लोखंड फुगतं आणि फट मिटते. म्हणून तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. गाडी बंद केली, दोन तास थंड होऊ दिली. भांडी घासायच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत घेतलं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारं नळकांडं) जिथे इंजिनाच्या हेडला बसतो त्या जोडावर मारलं, पोऱ्याला सांगितलं चालू कर आणि मागे सायलेन्सरच्या तोंडावर फडकं दाबून धर, दहाच सेकंद. चौथ्या सिलिंडरच्या खालच्या बोल्टजवळून फेसाचा फुगा आला, फुटला, पुन्हा आला. गॅस्केट तिथे जळालं होतं. काही शेकड्यांचं गॅस्केट. गुरुजींना पहिल्या सेन्सरचे पैसे परत केले. घेत नव्हते, खिशात कोंबले.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण इथे पुष्कळांची गल्लत होते. एक्झॉस्टमधून धूर बाहेरच ढकलला जातो, मग हवा आत कशी येणार? धूर एकसलग वाहत नाही, ठोक्या-ठोक्याने येतो. प्रत्येक ठोक्यामागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, आणि त्या क्षणी फटीतून हवा आत ओढली जाते. फट सेन्सरच्या आधी असेल तर तो ऑक्सिजन सेन्सरला दिसतो. सेन्सर खरंच बोलत असतो, हवा आहेच तिथे, फक्त ती सिलिंडरमधून आलेली नाही. ईसीएम फसून पेट्रोल वाढवतो. गाडीचं अॅव्हरेज पडतं, प्लग काळे येतात. म्हणून पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत चिठ्ठीवर लीन आणि हातातला प्लग काजळीने काळा, अशी जोडी दिसली की मी दुसरं काही शोधत नाही, थेट एक्झॉस्टची गळती किंवा मिसिंग बघतो. तुमच्या गाडीत गॅसमुळे प्लग तसेही स्वच्छ दिसतील, त्यामुळे तुम्हाला साबणाचं पाणीच करावं लागेल. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी, पहिली दोन मिनिटं. हात भाजायच्या आत आटपायचं.

सेन्सर खरोखर गेलाय का, हे ठरवायची पद्धत अगदी सरळ आहे: त्याला मुद्दाम रिच आणि लीन दाखवायचं आणि तो काय म्हणतो ते बघायचं. गॅरेजात आम्ही एअर फिल्टरच्या नळीत कार्ब क्लीनरचा अगदी हलका फवारा मारतो. आकडा ताडकन ०.८च्या वर गेला पाहिजे. हे तुम्ही घरी करू नका, तापलेल्या इंजिनाजवळ तो फवारा पेटतो. तुमच्यासाठी घाट आहे. कोणाला तरी शेजारी मोबाइल घेऊन बसवा, गाडी पेट्रोलवर ठेवा. कुंभार्लीचा घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण सोडा. ईसीएम इंजेक्टर बंद करतो, धुरात नुसती हवा जाते, आकडा शून्याजवळ चिकटला पाहिजे. परत येताना चढावर जोरात रेस द्या, ईसीएम जास्त पेट्रोल देतो, आकडा ०.८-०.९ला गेला पाहिजे. आणि सपाटीवर, गाडी उभी करून अडीच हजार आरपीएमला, दहा सेकंदांत सात-आठ वेळा तरी ०.४५ची रेघ ओलांडली पाहिजे. हे तिन्ही झालं तर सेन्सर धडधाकट आहे. कुठेही जा, कुणीही सांगो, बदलायचा नाही. मात्र चढावर जोरात रेस देऊनही आकडा ०.२च्या वर येतच नसेल तर दोन शक्यता: पंप खरोखर कमी पडतोय, किंवा सेन्सर मेलाय. तिथे फवाऱ्याची परीक्षा गॅरेजात करून घ्या.

बीएस-६ गाडीवाल्यांनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, तो करंटवर चालतो, नाचत नाही. त्याचा स्थिर आकडा बघून बंद पडलाय म्हणणारे मी पाहिलेत.

हीटरचे कोड, पी०१३५ आणि पी०१४१, ही वेगळी जात. इथे बऱ्याच वेळा सेन्सरच दोषी असतो, पण आधी फ्यूज बघा, मग वायर. पावसाळ्यात माझ्याकडे हीटरचे जे कोड येतात त्यातले कितीतरी उंदरांनी दिलेले असतात. गाडी तापलेली असते, बाहेर ओल असते, उंदीर बॉनेटमध्ये येऊन बसतो आणि वायर कुरतडतो. कपलर काढून सेन्सरच्या बाजूने हीटरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजायचे, इंजिन थंड असताना. साधारण पंधरा-सोळा ओहमच्या आत काहीतरी आकडा यायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली, सेन्सर नवा घ्या. कोणत्या दोन वायरी? एकाच रंगाच्या ज्या दोन असतात त्या हीटरच्या. बॉश आणि एनटीकेमध्ये त्या पांढऱ्या, सिग्नल काळी, अर्थिंगची राखाडी. डेन्सोमध्ये हीटरच्या दोन काळ्या, सिग्नल निळी, अर्थिंगची पांढरी. काळी म्हणजे सिग्नल असं पाठ करून बसलेला पोऱ्या डेन्सोवर हमखास फसतो.

सेन्सर बदलायचाच असेल तर दोन-तीन गोष्टी बघून घ्या. काढलेल्या सेन्सरचं टोक बघा. पांढरी भुकटी असेल तर सिलिकॉन: कुणीतरी इंजिन उघडून साधा सिलिकॉन गॅस्केट लावला, त्याची वाफ आली. काळी काजळी म्हणजे गाडी रिच चालत होती, राखेचा खरखरीत थर म्हणजे तेल जळतंय. कारण तसंच ठेवून नवा बसवलात तर तोही त्याच वाटेने जाणार. शिशाने सेन्सर मरायचे ते दिवस गेले, १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आहे. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुतेक वेळा पेस्ट लावूनच येते. वरून लावायचीच झाली तर फक्त आट्यांना, टोकाला एक थेंबही नको. आणि वायर तोडून सोल्डर करू देऊ नका. तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा बऱ्याच सेन्सरमध्ये त्या वायरीच्या तारांमधूनच आत जाते. सोल्डरने किंवा ग्रीसने ती वाट बुजते, आणि चांगला सेन्सर चुकीचं बोलायला लागतो. म्हणून कपलरसकट येणाराच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. ऑनलाइन अर्ध्या किमतीत ओरिजिनल म्हणून जे मिळतं त्याबद्दल मी काही चांगलं बोलू शकत नाही.

कॅट आणि मागच्या सेन्सरचं काय? मागचा सेन्सर मिश्रण ठरवत नाही, तो मुख्यतः कॅटवर पाळत ठेवतो. कॅट चांगलं असेल तर मागचा आकडा ०.६-०.७ला शांत बसतो. तो पुढच्यासारखाच नाचू लागला तर ईसीएम पी०४२० टाकतो. तुमच्याकडे पी०४२० नाही. पी०१७१साठी कॅट बदलणं म्हणजे खोकला झाला म्हणून चष्मा बदलण्यासारखं आहे. आणि कधीकाळी कॅट बदलायची वेळ आलीच, तर जुनं परत मागून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात त्याला चांगला भाव आहे, आणि तो भाव गिऱ्हाईकाला सहसा कुणी सांगत नाही.

गाडी चालवू का, असंही विचारलंय. दिवा स्थिर आहे तोवर चालवा, पण महिने काढू नका. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे जोरात मिसिंग. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी वितळते, आणि मग चाळीस हजारांचा खर्च खरोखर अंगावर येतो.

दोष निघाला की दिव्यासाठी वेगळं काही करायला नको. सलग तीन फेऱ्यांत ईसीएमला सगळं ठीक दिसलं की तो स्वतःच विझतो. आठवणीत राहिलेला कोडही चाळीसेक वेळा इंजिन गार होऊन गरम झालं की पुसला जातो. मी दुरुस्तीनंतर मुद्दाम कोड उडवत नाही, गिऱ्हाइकाला सांगतो आठवडाभर थांबा.

तेव्हा या रविवारी टाकीत पंधरा लिटर पेट्रोल भरा, सकाळी थंड गाडीवर साबणाचं पाणी, मग प्लग काढून बघा, मग पेट्रोल आणि गॅस दोन्हींवरचे स्लोचे आणि अडीच हजारचे ट्रिम कागदावर लिहून पाठवा, फ्रीझ फ्रेमसकट. नुसतं पेट्रोल भरून आणि पन्नासेक किलोमीटर पेट्रोलवर चालवूनच आकडा उतरला तरी मला आश्चर्य वाटणार नाही. आणि तो काढलेला जुना सेन्सर मिस्त्रीकडून मागून आणा. तो चालू असण्याचीच शक्यता जास्त. फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवून द्या.